सगळ्यांच्या जागी हाशिमभाय

नव्वदच्या दशकात महाडच्या बाजारपेठेत कुणालाही विचारलं असतं, "हाशिम मुकादम काय करतो हो?" तर उत्तर आलं असतं, "ट्रॅक्स गाडी चालवतो, आणि सईद असतो."

परगावच्या माणसाला यातलं पहिलं वाक्य कळायचं आणि दुसऱ्याला तो डोकं खाजवायचा. मग त्याला समजावून सांगावं लागे. सईद हा हाशिमचा चुलतभाऊ. तो कुवेतला क्रेन चालवायचा आणि दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. इकडे त्याची बायको सादिया, मुलगा मुसैब आणि नवं बांधलेलं दुमजली घर. घर म्हटलं की पुरुषमाणूस लागणारी शंभर कामं निघतात. लग्नाला कुणी तरी जायला हवं, मयतीला कुणी तरी खांदा द्यायला हवा, गवंड्यावर कुणी तरी ओरडायला हवं. सईद कुवेतला, म्हणून त्याच्या जागी हाशिम. आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे सईद असेच कुठे कुठे वाळवंटात असल्यामुळे हाशिम एका सईदवर थांबला नाही. सकाळी तो एकाचा भाऊ असायचा, दुपारी दुसऱ्याचा मामा, संध्याकाळी तिसऱ्याचा बाप.

दिसायला गोल, टक्कल पडलेला, आवाजानं मऊ. टकलावर घडी घातलेला हातरुमाल. स्वतः हाशिम म्हणून तो कुठे गेला तर लोक म्हणायचे, "बस रे तिकडे बाजूला." पण कुणाच्या तरी वतीनं गेला की त्याला खुर्ची मिळायची, सरबत मिळायचं आणि लोक त्याच्याकडे बघून बोलायचे. त्यामुळे त्याला हे काम मनापासून आवडायचं. साजिदा, त्याची बायको, म्हणायची, "जगाचे बाप होता तुम्ही. आमची अम्बरीन रोज विचारते, आज अब्बा कुणाचे हायत?"

या कामाची एक रीत हाशिमनं मुसैबच्या शाळेत शिकून घेतली होती. मुसैब अभ्यासात यथातथा आणि बाकी सगळ्यात पुढे. पालकसभेला मास्तरांनी तक्रारींचा पाऊस पाडला, की हाशिम मान खाली घालायचा, दोन्ही हात पुढे बांधायचा आणि म्हणायचा, "चूक झाली सर. पुढच्या वेळी सुधारेल. घरी गेल्यावर सांगतो." एवढ्या तीन वाक्यांत भले भले मास्तर विरघळायचे. हात झटकून वाद घालणारे पालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, एवढा गुणी बाप पाहिला नव्हता. सत्त्याण्णव साली सईद सुट्टीवर आला तेव्हा हौसेनं स्वतः सभेला गेला आणि पहिल्याच तक्रारीला उलट बोलला. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण कोण? मुसैबचे वडील फार सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना पाठवा." सईद पाय आपटत घरी आला आणि हाशिमला म्हणाला, "जा बाबा तू. मी काय त्या पोराचा कोण लागत नाय."

मुलगी बघायला जाण्यात मात्र जरा गोची व्हायची. शारजाच्या एका मुलासाठी हाशिम मुलाचा फोटो घेऊन गेला. मुलीकडची मंडळी आळीपाळीनं फोटोकडे आणि हाशिमकडे बघायला लागली. हाशिमनं खुलासा केला, "मुलगा साधारण असाच हाय. उंचीला थोडा जास्त. रंगानं थोडा उजळ. आणि त्याला केस हायत." मुलीची आजी म्हणाली, "मग साधारण असाच म्हणजे कसा रे?" हाशिमनं विचार केला आणि म्हणाला, "दोघंबी शाकाहारी नाय." लग्न जमलं. कसं जमलं हे मोहल्ल्याला आजवर समजलेलं नाही.

आणि मग तो फोटो. सादियाला घरात लावायला सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. सईद तर कुवेतला. बाजारातल्या स्टुडिओवाल्यानं तोडगा काढला. हाशिमला सईदचा कोट घालून खुर्चीवर बसवायचं, सादिया आणि मुसैब बाजूला, आणि मागाहून मानेवर सईदचं डोकं चिकटवायचं. चिकटवलंही झकास. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. हाशिम त्या दिवशी ट्रॅक्सचा गिअरबॉक्स उघडून सरळ स्टुडिओत आला होता. फोटोत सईदचा चेहरा पावडर लावून हसत होता आणि मांडीवर ठेवलेले दोन हात मनगटापासून बोटांपर्यंत काळे कुळकुळीत होते. फोटोची एक प्रत कुवेतला गेली. आठ दिवसांनी सईदचा फोन आला. बायकोला सलाम नाही, पोराची चौकशी नाही. पहिला प्रश्न, "हात कुणाचे?"

सादियानं फोटो तरीही दिवाणखान्यात लावला. ती हाशिमला म्हणाली, "या हातांनीच तर घर चाललंय, भाईजान. असू देत."

आता या घरगुती गोष्टीत विद्वान कसे शिरले ते सांगायला हवं.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून तिघं जण महाडला उतरले. त्यांच्या अभ्यासाचा विषय एकच होता, प्रतिनिधित्व. पण तिघांच्या विद्या वेगळ्या, आणि त्यामुळे त्या एका शब्दाचे अर्थही तीन. समीक्षा मॅडम साहित्य आणि चित्रकलेच्या. त्यांच्या मते प्रतिनिधित्व म्हणजे चित्रण, एखादी गोष्ट दुसरीला कशी दाखवते ते. विनीत सर संख्याशास्त्राचे. त्यांच्या मते मूठभर तांदूळ बघून सगळं पोतं ओळखता आलं पाहिजे, तर ती मूठ प्रातिनिधिक. आणि प्राध्यापक मुरारी देवस्थळी राज्यशास्त्राचे, तिघांत वडील. त्यांच्या मते हे दोन्ही पोरखेळ. कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं आणि त्याला तो हक्क दिला कुणी, एवढाच खरा प्रश्न. तिघांनी मिळून हाशिमची ट्रॅक्स भाड्यानं घेतली आणि पहिल्या दिवसापासून त्या ट्रॅक्समध्ये जे भांडण सुरू झालं ते शेवटच्या दिवसापर्यंत चालूच होतं. हाशिमला त्यातलं काही कळत नव्हतं. पण 'वतीनं', 'जागी', 'ऐवजी' हे शब्द कानावर पडले की तो आरशातून मागे बघायचा आणि मान डोलवायचा, जणू त्याच्या भाऊबंदांचीच चर्चा चालली होती.

पहिली स्वारी पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर. विनीत सरांनी चिठ्ठ्या टाकून एक घर निवडलं होतं. चाळीस घरांच्या वाडीतून एक. आणि चिठ्ठीनं नेमकं सगळ्यात वरचं घर काढलं. ट्रॅक्स खाली लावून मंडळी चढायला लागली. मुरारी सर अर्ध्या वाटेत एका दगडावर बसले आणि म्हणाले, "माझ्या वतीनं तुम्ही जाऊन या." घर सयाजी नावाच्या शेतकऱ्याचं. अंगणात तो दोरखंड वळत बसला होता. विनीत सर धापा टाकत म्हणाले, "नमस्कार. आमच्या अभ्यासासाठी या वाडीतून तुम्ही नमुना म्हणून निवडले गेला आहात."

सयाजीनं दोरखंड खाली ठेवला. "नमुना कोणाला म्हनतोस रे?"

"म्हणजे, तुम्ही एक चांगला नमुना..."

"माज्याच अंगनात येऊन मला नमुना म्हनतो! माजी बायको म्हनते ती म्हनते, आता मुंबयवाले पन म्हनाया लागले?"

सयाजी उठून उभा राहिला. तो बसलेला होता तेव्हा एवढा उंच असेल असं वाटलं नव्हतं. विनीत सर दोन पावलं मागे सरकले ते कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले. हाशिम पुढे झाला, मान खाली, हात बांधलेले. "चूक झाली साहेबांची. पुढच्या वेळी सुधारतील. घरी गेल्यावर मी त्यांना सांगतो."

सयाजी निवला. चहा आला. मग हाशिमनं त्याला त्याच्या पद्धतीनं समजावलं, "तुम्ही एकटे बोलणार, पण ते चाळीस घरांचं बोलणं धरणार. चाळीस घरांच्या जागी तुम्ही."

"चाळीस?" सयाजीचे डोळे मोठे झाले. "मग थांबा."

तो अंगणाच्या कडेला गेला, तोंडाभोवती हात धरून त्यानं खाली अशी आरोळी दिली, की पाच मिनिटांत अर्धी वाडी आणि दहा मिनिटांत उरलेली अर्धी अंगणात जमा झाली. सयाजी म्हणाला, "मला तुमच्या वतीनं बोलाया सांगतायत. तर काय बोलू ते सांगा." दोन तास गलका. विहीर, रस्ता, रानडुकरं, जानूच्या म्हशीनं खाल्लेलं कुणाचं तरी लुगडं. जानू म्हणत होता म्हैस त्याची नाही, लुगडंवाली म्हणत होती लुगडं अजून म्हशीच्या पोटात आहे, बघून घ्या. विनीत सर कपाळ धरून बसले. "अहो, याला एकट्याला विचारायचं होतं! सगळ्यांना विचारलं तर नमुना कशाला काढला?"

गलका ऐकून मुरारी सर दगडावरून उठून वर आले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "हेच! हेच प्रतिनिधित्व! संमती!"

"हा नमुना नासला, सर!"

"पुन्हा म्हनला बघा," सयाजी म्हणाला, आणि हाशिमला पुन्हा हात बांधावे लागले.

समीक्षा मॅडम तोवर सयाजीच्या आत्याजवळ बसल्या होत्या. राहीबाई तिचं नाव. ऐंशीच्या घरातली, कानानं ठार बहिरी. मॅडमनी सादियाच्या दिवाणखान्यातला तो फोटो पाहिल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची एक प्रत त्या बरोबर घेऊन हिंडायच्या आणि भेटेल त्याला विचारायच्या, यात कोण आहे? राहीबाईला त्यांनी ओरडून विचारलं, "आजी, या फोटोत कोण आहे?"

"कोन आलंय?"

"फोटोत! फोटोत कोण आहे?"

राहीबाईनं फोटो नाकाशी धरला. "तुजा नवरा काय गो? हात धुवाया सांग त्याला."

मॅडमना ते उत्तर एवढं आवडलं, की त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि दिवसभर राहीबाईला ओरडून ओरडून प्रश्न विचारत राहिल्या. चित्रण म्हणजे काय, सारखेपणा म्हणजे काय, चेहरा खरा की हात खरे. खाली ओढ्यावर धुणाऱ्या बायकांना प्रश्न ऐकू जायचे आणि त्या खालून उत्तरं द्यायच्या. फक्त राहीबाईला काही ऐकू गेलं नाही. संध्याकाळी परत येताना मॅडम ट्रॅक्समध्ये काही तरी सांगायला गेल्या तर घशातून सायकलच्या पंपासारखी हवा निघाली. आवाज गेला.

आणि उद्यावर परिसंवाद येऊन ठेपलेला. ज्या गावात अभ्यास केला त्या गावात तो लोकांसमोर मांडायचा, अशी संस्थेची अट होती. महाडमध्ये एक सभागृह ठरवलं होतं. निबंध तिघांचे तीन. समीक्षा मॅडमचा निबंध सगळा त्या फोटोवर, म्हणजे पर्यायानं हाशिमच्या हातांवर. तो वाचणार कोण? विनीत सर म्हणाले, "त्यात चौथ्या पानावर मला मूर्ख म्हटलंय. मी नाही वाचणार." मुरारी सर म्हणाले, "पाचव्यावर मला." मॅडमनी पाटीवर खडूनं लिहिलं, 'हाशिमभाय.'

हाशिमनं घरी येऊन साजिदाला सांगितलं, "उद्या मी मॅडम हाय."

साजिदानं तव्यावरची भाकरी उलटली. "एवढंच राहिलं होतं."

परिसंवादाचा फलक रंगवायला दिला होता तो रंगारी काटकसरी माणूस. 'विविध ज्ञानशाखांमधील प्रतिनिधित्वाचे अर्थ' एवढी अक्षरं कापडावर मावेनात, म्हणून त्यानं स्वतःच्या अकलेनं मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'प्रतिनिधी मेळावा'. आणि तो रंगवलेला फलक आदल्या दिवशीच एसटी स्टँडसमोर लावला. परिणाम असा, की सकाळी सभागृहात औषध कंपन्यांचे प्रतिनिधी टाय बांधून आणि बॅगा घेऊन हजर. विम्याचे प्रतिनिधी हजर. दोन वर्तमानपत्रांचे स्थानिक प्रतिनिधी हजर, आणि ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोन टोकांना बसलेले. चाळीस घरांच्या वतीनं सयाजीही आला होता. आणि बटाटेवडे आहेत हे कळल्यामुळे कोर्टाच्या आवारातली निम्मी माणसं आली होती. मुरारी सर गर्दी बघून गदगदले. "लोकांना विषयाची केवढी भूक आहे!"

हाशिम उभा राहिला. सईदचाच कोट, हात साबणानं दोनदा धुतलेले. समोर पहिल्या रांगेत समीक्षा मॅडम गळ्याला मफलर गुंडाळून बसलेल्या. त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर 'चिन्हव्यवस्था' हा शब्द आला, तो त्यानं 'चिंचव्यवस्था' असा वाचला आणि मागच्या रांगेतल्या एका माणसानं ते पटल्यासारखी मान हलवली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'छायाचित्रातील चालकाचे हात हे अनुपस्थित पुरुषाच्या उपस्थितीचा अपुरा दाखला होत.' हाशिम थांबला. त्यानं आपले हात पालथे करून बघितले, उलटे करून बघितले, आणि लोकांनाही दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा निबंध संपला.

मग प्रश्न. मुरारी सर उठले. या क्षणासाठी ते चार रात्री कागद खरडत होते. "पहिला आक्षेप," ते गरजले. "वतीनं बोलणाऱ्याला तो अधिकार दिला कुणी? हा मूळ प्रश्न या निबंधात साफ टाळलेला आहे. याचं लेखिकेकडे काय उत्तर आहे?"

समोर उभा असलेला वडीलधारा माणूस, हातात कागद आणि चढलेला आवाज. हाशिमला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. मान आपोआप खाली गेली. हात आपोआप बांधले गेले.

"चूक झाली सर."

मुरारी सरांनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"टाळला हाय. टाळायला नको होता. पुढच्या वेळी सुधारतील. घरी गेल्यावर सांगतो."

पहिल्या रांगेतून पंपाचा आवाज आला. मॅडम उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. हाशिमला वाटलं त्या शाबासकी देतायत. त्याचा हुरूप वाढला.

विनीत सर उठले. "एका फोटोवरून एवढा मोठा निष्कर्ष? सॅम्पल अत्यंत अपुरं आहे!"

"अपुरं हाय सर. एकच फोटो हाय. अजून काढायला हवे होते, स्टुडिओ काय लांब नाय. पोरगी हुशार हाय, पण अभ्यासात लक्ष नाय. खेळाकडे जास्त हाय."

इकडे 'सॅम्पल' हा शब्द ऐकताच औषधवाल्यांच्या रांगेत जान आली. इतका वेळ ते कशासाठी बसलेत हे त्यांना कळत नव्हतं. चार जण एकदम उठले, बॅगा उघडल्या आणि समीक्षा मॅडमच्या मांडीवर घशाच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, लहान मुलांचं जंताचं औषध आणि एका टॉनिकचं कॅलेंडर येऊन पडलं. मॅडमनी एका चिठ्ठीवर खरडलं आणि ती व्यासपीठावर पाठवली. हाशिमनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "'मी असं म्हणालेच नाही.'" मग मुरारी सरांकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? तुमचं खरं हाय, त्या असं म्हणाल्याच नाय. म्हणायला हवं होतं."

आता मुरारी सरांची पंचाईत झाली. गेली वीस वर्षं त्यांनी शेकडो परिसंवादांत आक्षेप घेतले होते, पण त्यांना कुणी 'तुमचं बरोबर आहे' असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्याची त्यांना सवयच नव्हती. दुसरा आक्षेप त्यांनी अर्ध्याच आवाजात घेतला. हाशिमनं तो घेतला पदरात. तिसरा तर त्यांनी नुसता पुटपुटला, तोही हाशिमनं मान्य केला. सर कागद चुरगाळत उभे राहिले आणि मग अचानक म्हणाले, "नाही, पण इतकंही काही चुकलेलं नाही."

"चुकलंय सर," हाशिम म्हणाला.

"अहो नाही चुकलेलं! अधिकार दिलाच पाहिजे असं कुठे आहे? त्या बाईनं फोटो भिंतीवर लावला, तीच संमती! ही केवढी मोठी गोष्ट या निबंधात आहे!"

"तुम्ही म्हणता तर असेल. पण चुकलंयच."

"खबरदार चुकलंय म्हणाल तर! तुम्हाला काय कळतं?"

विनीत सर म्हणाले, "सर, तुम्ही बाजू बदलताय." मुरारी सर त्यांच्यावर उलटले. पुढचा पाऊण तास मुरारी सर समीक्षा मॅडमच्या निबंधाची बाजू घेऊन अशा तडफेनं भांडले, की मॅडम तोंडात घशाची गोळी धरून नुसत्या बघत राहिल्या. शेवटी सयाजी उठला. चाळीस घरांच्या वतीनं त्यानं एकच प्रश्न विचारला, वडे कधी देणार? तो ठराव एकमतानं पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना कुजबुजण्याइतका आवाज आला. त्यांनी ट्रॅक्सपाशी येऊन हाशिमच्या कानात ओरडल्यासारखं काही केलं. "हाशिमभाय, तुम्ही माझा सगळा निबंध सोडून दिलात!"

"चूक झाली मॅडम."

"ते वाक्य पुन्हा बोलाल तर याद राखा!"

हाशिमला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पक्षकारानं तक्रार केली होती. त्या दिवशी तो कुणाच्याच जागी गेला नाही, ट्रॅक्सखाली पडून राहिला. पण पुढे झालं असं, की तिघांतला फक्त तोच एक निबंध पुस्तक होऊन छापला गेला. त्याला मुरारी सरांची प्रस्तावना होती, आणि ती निबंधापेक्षा लांब होती. मॅडमचा राग उतरायला वर्ष लागलं. उतरला तेव्हा त्यांनी अम्बरीनसाठी रंगपेटी पाठवली आणि आत एका कागदावर फक्त एवढंच लिहिलं, 'अब्बांना सांग, हात धुवा.'

मुरारी सरांना मात्र हाशिमनं झपाटलं होतं. दोन हजार एक साली नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा ते मुंबईहून स्वतःच्या खर्चानं आले आणि हाशिमच्या पडवीत ठाण मांडून बसले. "तुम्ही जन्मजात प्रतिनिधी आहात. उभे राहा."

"कुणाच्या जागी?" हाशिमनं विचारलं.

"कुणाच्या जागी नाही! तुमच्या स्वतःच्या!"

हे हाशिमला जरा अवघड गेलं, पण सरांचं मन मोडवेना. कपबशी ही निशाणी मिळाली. समोर होते पाइपांचे एक व्यापारी, वॉर्डात सगळे त्यांना पाइपशेट म्हणायचे. हाशिम दारोदार फिरायला लागला. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "पाणी नाय येत. गेल्या खेपेला पाइपशेट नळ देतो म्हणाले, तोंड नाय दाखवलं परत." हाशिमची मान खाली गेली. "चूक झाली शेटांची. पुढच्या वेळी सुधारतील. मी सांगतो त्यांना." असं त्यानं वॉर्डातल्या एकूण एक घरात केलं. लोक म्हणाले, हा पाइपशेटचाच माणूस दिसतो, आणि शेट सुधारणार म्हणतोय तर त्यांनाच देऊ एक संधी. मतदानाच्या आदल्या दिवशी पाइपशेट स्वतः मिठाईचा पुडा घेऊन हाशिमकडे आले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाय, तुमच्यासारखा कार्यकर्ता नाय पाहिला."

निकाल लागला. हाशिम सपाटून पडला. मुरारी सर दोन दिवस पडवीत सुन्न बसून होते. साजिदानं त्यांना गरम सांदणं वाढली, खोबऱ्याच्या दुधाबरोबर. सर खात होते आणि हा निकाल कोणत्या सिद्धांतात बसवावा याचा विचार करत होते. कुठेच बसेना, म्हणून त्यांनी आणखी सांदणं मागितली.

हाशिमला हरल्याचं दुःख झालं म्हणावं, तर तसं काही दिसलं नाही. एकदाच तो साजिदाला म्हणाला, "थोडे का असेनात, तेवढ्या लोकांनी माझ्या नावापुढे शिक्का मारला. माझ्या. दुसऱ्या कुणाच्या नाय." आणि मग बराच वेळ टकलावरचा रुमाल नीट करत राहिला.

पाइपशेटला धंद्यापायी सारखी मुंबईची वारी घडायची. मग वॉर्डात कुणाची तक्रार असली, की ते फोनवरून म्हणायचे, "हाशिमभायला सांगा, तो बघेल." गटार तुंबलं, हाशिम. दिवा गेला, हाशिम. आणि मोहल्ल्याच्या टोकाला नळ आला, तेव्हा त्याच्या उद्घाटनालाही शेट पनवेलच्या पुढे कुठे तरी अडकलेले. हार तयार, नारळ तयार, बायका हंडे घेऊन तासभर उभ्या. सादिया म्हणाली, "भाईजान, आता तुम्हीच सोडा पाणी."

हाशिम पुढे गेला. कुणी तरी त्याच्या गळ्यात हार घातला. त्यानं बिस्मिल्ला म्हणून नळ पिळला. आधी फुसकन हवा आली, मग तांबडी चिखलाची धार आली ती सरळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. बायका हसायला लागल्या, अम्बरीन टाळ्या पिटायला लागली, आणि हाशिम तसाच भिजत, हार सांभाळत उभा राहिला. धार पिवळी झाली, मग गढूळ, मग स्वच्छ. त्यानं ओंजळ धरली, एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "गोड हाय. लावा हंडे."

पहिला हंडा कुणाचा लावायचा यावरून लगेच भांडण सुरू झालं.